मधल्या अक्षराचा धनी कोण?

अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९८९ सालापासून चालत आलेल्या 'द सिम्पसन्स' या व्यंगचित्रमालिकेच्या नायकाचे नाव होमर जे. सिम्पसन. अणुवीजकेंद्रात नोकरी करणारा, आळशी, खादाड, परंतु मनाने सरळ असा हा गृहस्थ जगभरच्या प्रेक्षकांच्या परिचयाचा आहे. त्याच्या नावातील 'जे' या अक्षराचा अर्थ मात्र पहिली नऊ वर्षे कोणालाच ठाऊक नव्हता. खुद्द नायकालाही नव्हता. १५ नोव्हेंबर १९९८ रोजी प्रसारित झालेल्या एका भागात एक अर्ज भरताना होमरपुढे मधल्या नावाचा रकाना येतो आणि आपले मधले नाव आपल्याला माहीतच नाही, हे त्याच्या ध्यानात येते. बापाला विचारावे तर बापालाही ठाऊक नाही. अखेर, त्याच्या लहानपणीच घर सोडावे लागलेली आई एके काळी ज्या वसाहतीत राहत होती तेथे तो पोहोचतो. तेथील एका भित्तिचित्रावर आईने मुलाचे संपूर्ण नाव लिहून ठेवलेले असते. त्या 'जे'चा अर्थ निघतो 'जे' इतकाच! अक्षराचा उच्चार आणि नावाचा उच्चार एकच. जे वॉर्ड या जुन्या व्यंगचित्रपट निर्मात्याच्या पात्रांच्या नावांत हे अक्षर असे. त्याला केलेले ते अभिवादन होते.

प्रेक्षक हसले आणि विसरले. परंतु या विनोदाच्या पोटात एक गंभीर गोष्ट दडलेली आहे. मधल्या अक्षराचा शोध घेत निघालेला मुलगा बापाच्या दारातून रिकाम्या हाताने परततो आणि उत्तर त्याला आईच्या हस्ताक्षरात सापडते. हा प्रसंग महाराष्ट्रात घडूच शकला नसता. का घडला नसता, याचा विचार केला म्हणजे आपल्या नावांच्या रचनेविषयी आणि त्या रचनेतून गळून पडलेल्या व्यक्तीविषयी बरेच काही उमगते.

पाश्चात्त्य समाजात मधले नाव ही बहुतांशी आईबापांच्या आवडीची बाब आहे. आजोबांचे, एखाद्या संताचे, मित्राचे किंवा केवळ कानाला गोड वाटणारे कोणतेही नाव तेथे चालते. म्हणूनच त्या अक्षराभोवती कुतूहल निर्माण होऊ शकते. 'स्टार ट्रेक' या १९६६ साली सुरू झालेल्या मालिकेतील अंतराळयानाचा कप्तान जेम्स टी. कर्क. प्रारंभीच्या एका भागातील थडग्यावर त्याचे नाव 'जेम्स आर. कर्क' असे कोरलेले दिसते. पुढे 'आर'चा 'टी' झाला, आणि या 'टी'चा अर्थ टायबीरियस, म्हणजे एका रोमन सम्राटाचे नाव, हे १९७४ सालच्या एका भागात प्रथम सांगितले गेले. पात्राचे अक्षर आधी ठरले आणि अर्थ मागाहून जोडला गेला, असा हा उलटा प्रवास. वास्तवातही असे घडते. अमेरिकेचे तेहतिसावे अध्यक्ष हॅरी एस. ट्रुमन यांच्या 'एस'चा पूर्ण शब्द अस्तित्वातच नव्हता. दोन्ही आजोबांच्या नावांत ते अक्षर होते. कोणा एकाचे नाव घेऊन दुसऱ्यास दुखवू नये म्हणून आईबापांनी नुसते अक्षरच ठेवले. तेथे मातुल आणि पितृ ही दोन्ही कुळे निदान एका अक्षराची भागीदार झाली, एवढे समाधान मानता येईल.

आपल्याकडे असा प्रश्न उद्भवत नाही. महाराष्ट्रातील मुलाच्या मधल्या नावाचे उत्तर त्याच्या जन्मापूर्वीच ठरलेले असते. पहिल्या नावासाठी आत्या, पत्रिका, आजी आणि अलीकडे नावांची पुस्तके यांचा सल्ला घेतला जातो. मधल्या नावासाठी कोणाचाच सल्ला लागत नाही. दक्षिणेत अक्षरांचा क्रम वेगळा असला तरी तत्त्व फारसे निराळे नाही. १९८७ साली दूरदर्शनवर आलेल्या 'मालगुडी डेज'मधील स्वामी हा आर. के. नारायण यांच्या कादंबरीत डब्ल्यू. एस. स्वामिनाथन आहे, त्यातील 'एस' म्हणजे त्याचे वडील श्रीनिवासन. स्वामीला आपल्या 'एस'चा अर्थ शोधण्यासाठी गावोगाव भटकावे लागले नसते. तो अर्थ रोज संध्याकाळी छडीच्या धाकासह त्याच्यासमोर उभा असे!

फैजपूर परिसराची साक्ष

डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन ज्या गावी भरले, त्या फैजपुराकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. पंडित जवाहरलाल नेहरू त्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते आणि नंदलाल बोस यांनी बांबू, गवत अशा गावच्या साध्या वस्तूंतून त्या अधिवेशननगराची सजावट सिद्ध केली होती. त्या उभारणीत आघाडीवर असलेले स्वातंत्र्यसैनिक धनाजी नाना चौधरी यांच्या नावाने आज फैजपुरात महाविद्यालय आहे. 'धनाजी नाना महाविद्यालय' या नावात आडनावाला स्थान नाही. खानदेशात 'नाना' हे विशेषनामही असते आणि वडीलधाऱ्या माणसाला द्यावयाचे आदरार्थी संबोधनही असते. बाहेरगावच्या माणसाला पाटी वाचून तो दुसरा शब्द कोणत्या अर्थाने घ्यावा हे कळणार नाही. ज्यांना माणूस ठाऊक, त्यांनाच मधला शब्द ठाऊक. त्यांचे चिरंजीव मधुकरराव चौधरी महाराष्ट्राचे शिक्षणमंत्री आणि पुढे विधानसभेचे अध्यक्ष झाले. मधुकर धनाजी चौधरी या नावाच्या मध्यभागातून वडिलांचे नाव मंत्रालयापर्यंत आणि विधानभवनापर्यंत गेले. त्याच गावातील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे नाव जे. टी. महाजन यांचे, त्यातील 'टी' म्हणजे तुकाराम. लिपी इंग्रजी असो वा मराठी, मधले अक्षर पित्याचे, हा नियम कोठेही ढळत नाही.

या नियमात वाईट काय, असा प्रश्न कोणी विचारील. पित्याचे ऋण नावात वागवणे ही कृतज्ञताच होय, आणि ती सोडावी असे कोणी म्हणत नाही. शेतात राबून मुलाला शिकवणाऱ्या बापाचे नाव मुलाच्या पदवीपत्रावर छापले जाते, तेव्हा ते अक्षर त्या बापाने सोसलेल्या कष्टांची पोचपावती असते. प्रश्न आहे तो त्या पोचपावतीवर दुसऱ्या नावाला जागा का नाही, हा.

फैजपूरच्या अधिवेशनासाठी खेडोपाडी हिंडून लोकांना जागे करणाऱ्यांमध्ये एक नाव साने गुरुजींचे होते. अमळनेरच्या शाळेतील हा शिक्षक कागदोपत्री पांडुरंग सदाशिव साने. त्यांच्या नावातील 'स' हा सदाशिवरावांचा. परंतु महाराष्ट्राने त्यांना ओळखले ते आईचा मुलगा म्हणून. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई' या पुस्तकाने मराठी घराघरांत एका गरीब कोकणी स्त्रीला नेऊन बसवले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. ज्या माणसाचे सारे चरित्र आईच्या संस्कारावर उभे राहिले, त्याच्या सहीत मात्र तिच्या यशोदा या नावाच्या 'य'ला जागा नव्हती. जे अक्षरात मावले नाही ते सांगण्यासाठी गुरुजींना संपूर्ण पुस्तक लिहावे लागले. प्रत्येक आईच्या पोटी पुस्तक लिहिणारा मुलगा येत नाही. बाकीच्या असंख्य यशोदांचे काय होते, याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात नाही.

दुसरे उदाहरण फैजपूरच्या महाविद्यालयांना ज्या विद्यापीठाची पदवी मिळते त्या विद्यापीठाच्या नावातच आहे. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. निरक्षर शेतकरी स्त्रीचे नाव विद्यापीठाला लाभावे, ही खानदेशाने केलेली मोठी गोष्ट आहे. या बहिणाबाई १८८० साली आसोद्याच्या महाजनांच्या घरी जन्मल्या. वडील उखाजी, आई भीमाई. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी विवाह झाला आणि उखाजी महाजनांची लेक बहिणाबाई नथूजी चौधरी झाली. मधले अक्षर बदलले, आडनाव बदलले. उरले ते एकटे पहिले नाव. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः कवी. जात्यावर आणि शेतात आईच्या मुखातून निघालेली गाणी घरच्या मंडळींनी कागदावर उतरली, म्हणून १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ती महाराष्ट्राला मिळाली. सोपानदेवांना काव्याचा वारसा कोणाकडून आला हे साऱ्या मराठी जगाला ठाऊक आहे. तो वारसा त्यांच्या नावातील मधल्या अक्षरात मात्र कोठेही दिसत नाही.

अक्षर बदलते केव्हा?

मधले नाव हे जन्माचे अढळ सत्य आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ते सत्य नसून व्यवस्था आहे. याला मराठी साहित्याचाच दाखला देता येतो. मराठीला पहिले ज्ञानपीठ १९७४ साली मिळवून देणारे वि. स. खांडेकर हे जन्माने गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर ते विष्णु सखाराम झाले. मराठीला दुसरे ज्ञानपीठ १९८७ साली मिळवून देणारे वि. वा. शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, हे जन्माने गजानन रंगनाथ. दत्तकविधानानंतर विष्णु वामन. मराठीतल्या या पहिल्या दोन ज्ञानपीठविजेत्यांची मधली अक्षरे ही जन्मदात्या पित्याची नव्हेत. मधले अक्षर रक्त सांगत नाही. कोणत्या घराचा वारस आहे ते सांगते. पुरुषाच्या आयुष्यात हे अक्षर बदलण्याचा प्रसंग क्वचित, दत्तकासारख्या अपवादाने येतो.

स्त्रीच्या आयुष्यात मात्र हा अपवाद नियम होऊन बसला आहे. लग्नाच्या एका दिवसात तिचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. कित्येक घरांत अजूनही तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून पहिले नावही बदलले जाते. विवाहित स्त्रीने पतीचे नाव लावलेच पाहिजे, असे सांगणारा कोणताही कायदा या देशात नाही. रूढीने जे होते ते कायद्याने झाले असे समजून कचेऱ्या वागतात, एवढेच.

त्याची किंमत काय पडते हे शिक्षकांना आणि कारकुनांना सांगावयास नको. यावल किंवा रावेर तालुक्यातील एखादी मुलगी दहावी होते, बारावी होते, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिचे लग्न होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव, शिधापत्रिकेवर पतीचे नाव, बँकेच्या पुस्तकात कोठे एक आणि कोठे दुसरे. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, जातीच्या दाखल्याची पडताळणी असो, शिक्षकभरती असो वा वारसाची नोंद असो. प्रत्येक ठिकाणी तिला 'या दोन नावांची व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, प्रसंगी शासकीय राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावी लागते. मुलगा जन्मभर एकाच नावाने अर्ज करतो. मुलीला मात्र आपण आपणच आहोत हे मुद्रांकाच्या कागदावर पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते. यात तिचा अपराध एवढाच की तिने लग्न केले.

जुना दाखला, आणि त्यातील त्रुटी

आईचे नाव लावणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली नवी टूम आहे, असे म्हणणाऱ्यांनी नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखांकडे वळावे. महाराष्ट्रावर राज्य करणाऱ्या सातवाहन राजांमधील सर्वांत पराक्रमी राजा इतिहासाला ठाऊक आहे तो गौतमीपुत्र सातकर्णी म्हणून. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी या भूमीत राजाच्या नावात मातेचे स्थान होते आणि त्यामुळे त्याच्या पराक्रमाला उणेपणा आला असे कोणाला वाटले नाही.

तथापि हा दाखला देताना त्यातील त्रुटीही सांगितली पाहिजे. अर्धा इतिहास हा पूर्ण असत्यापेक्षा अधिक फसवा असतो. गौतमी, वासिष्ठी ही त्या राण्यांची स्वतःची नावे नव्हेत. ती गोत्रांवरून आलेली नावे होत. राजाच्या बिरुदात आई होती, पण तीदेखील तिच्या माहेरच्या कुळाच्या नावाने होती. गौतमीपुत्राच्या आईचे नाव बलश्री होते हे आज सांगता येते, ते तिने नातवाच्या कारकिर्दीत लेणे दान दिले आणि त्या दानाचा लेख भिंतीवर कोरला गेला म्हणून. मुलाच्या नावामुळे ती उरली नाही. स्वतःच्या नावाने केलेल्या कृतीमुळे आणि ती नोंदली गेल्यामुळे उरली. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

२०२४ चा निर्णय

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांची नावे शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने नोंदवणे बंधनकारक झाले. जन्मदाखला, शाळेचा प्रवेश, परीक्षांची प्रमाणपत्रे, मालमत्तेची कागदपत्रे या सर्वांना तो लागू आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आईचे नाव वेगळ्या ओळीत छापण्याची प्रथा त्यापूर्वीही होतीच. नव्या निर्णयाने ते नाव वेगळ्या ओळीतून काढून मुलाच्या नावातच आणले. होमर सिम्पसनला भित्तिचित्रावर जे सापडले ते महाराष्ट्रातील मुलाला जन्मदाखल्यावरच मिळावे, असा त्याचा अर्थ घेता येईल.

या निर्णयाचे स्वागत केले पाहिजे. परंतु स्वागत करून स्वस्थ बसणे पुरेसे नाही. त्यात एक विसंगती राहून गेली आहे आणि तिच्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत त्या निर्णयाने स्त्रीचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव ही प्रचलित पद्धत कायम ठेवली आहे. मालमत्तेच्या कागदपत्रांत तिला विवाहापूर्वीचे नाव नोंदवण्याची मुभा आहे, हे खरे. परंतु मुभा ही मागणाऱ्याला मिळते आणि रूढी न मागता मिळते. या दोन तरतुदी एकत्र वाचल्या म्हणजे काय दिसते? मे २०२४ मध्ये जन्मलेल्या मुलाच्या नावातील आई त्याच्याबरोबर जन्मभर राहील. त्याच दिवशी जन्मलेल्या मुलीच्या नावातील आई तिच्या लग्नापर्यंतच राहील. त्या दिवशी वडिलांच्या बरोबरीने आईलाही तिच्या नावातून निरोप दिला जाईल. आईचे नाव पुढे नेण्याचा मान मुलालाच, आणि लेकीकडे ते केवळ माहेरी असेपर्यंत ठेवायला दिलेले, असा हा प्रकार होतो. स्त्रीच्या सन्मानासाठी उचललेले पाऊल स्त्रीपाशीच येऊन थांबावे, ही मोठी खेदाची गोष्ट होईल.

या सुधारणेवर दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला आक्षेप सोयीचा. नाव लांबते, रकाना अपुरा पडतो, संगणकाला चार शब्द मानवत नाहीत. या आक्षेपाचे उत्तर देण्याचीही आवश्यकता नाही. रकाने माणसांसाठी असतात, माणसे रकान्यांसाठी नसतात. मात्र या अडचणीतून एक सोपी पळवाट निघण्याचा संभव आहे, आणि ती म्हणजे आईच्या नावाचे नुसते आद्याक्षर लिहिणे. ती पळवाट वेळीच बंद केली पाहिजे. वडिलांच्या आद्याक्षराचा अर्थ समाजाला न सांगता कळतो, कारण त्यामागे शतकांची सवय उभी आहे. आईच्या आद्याक्षरामागे अशी सवय नाही. ते ट्रुमन यांच्या 'एस'सारखे अर्थहीन टिंब होऊन बसेल. निदान एक पिढीभर तरी आईचे नाव पूर्ण लिहिले आणि पूर्ण वाचले गेले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नुसत्या नावाने काय होणार, असे तो विचारतो. ज्या घरात आईच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही, त्या घरात तिचे नाव दाखल्यावर आले काय आणि न आले काय? या आक्षेपात तथ्य आहे आणि शेतकरी समाजाला ते अधिक चटकन पटेल. १९९०च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची चळवळ चालवून शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले होते. ते याच जाणिवेतून. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबर हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली केली. तरीही कित्येक ठिकाणी भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबरच हक्कसोडपत्रावर बहिणीचा अंगठा घेतला जातो, हे उघड गुपित आहे. सातबाऱ्यावरील नाव आणि दाखल्यावरील नाव यांत पहिले अधिक मोलाचे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. बलश्रीचे उदाहरण हेच सांगते. परंतु म्हणून दुसरे निरर्थक ठरत नाही. ज्या व्यक्तीचे नाव घराच्या कोणत्याच कागदावर नसते, तिचा हक्क नाकारणे सोपे जाते. जिचे नाव दहा कागदांवर असते, तिचा अंगठा घेण्यापूर्वी तलाठ्यालाही दोनदा विचार करावा लागतो.

करावयाचे काय?

यासाठी नवा कायदा करावयास हवा असे नाही. विवाहामुळे स्त्रीचे नाव आपोआप बदलते ही कचेऱ्यांची समजूत परिपत्रकाद्वारे दूर करता येईल. तिने लेखी मागणी केली तरच नाव बदलावे, एरवी जन्मनोंदीतील नावच पुढे चालू ठेवावे. ज्यांची नावे पूर्वीच बदललेली आहेत त्या स्त्रियांच्या बाबतीत विवाहनोंदणीचा दाखला हा दोन नावांना जोडणारा पुरेसा पुरावा मानावा आणि प्रतिज्ञापत्रांचा फेरा थांबवावा. एकट्या आईच्या मुलांकडे बापाच्या नावाचा आग्रह धरू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली अविवाहित मातेला पित्याचे नाव उघड करण्याची सक्ती करता येणार नाही, आणि अशा मातेच्या प्रतिज्ञापत्रावर अपत्याचा जन्मदाखला दिला पाहिजे, असा निर्वाळा दिला. पारपत्राच्या नियमांत डिसेंबर २०१६ मध्ये आईबापांपैकी एकाचेच नाव पुरेसे ठरवण्यात आले. आयकर खात्यानेही डिसेंबर २०१८ पासून एकट्या आईच्या अपत्याला पॅन क्रमांकासाठी वडिलांचे नाव देण्याच्या सक्तीतून मुक्त केले. दिल्लीतून जी सवलत मिळते ती तालुक्याच्या कचेरीत पोहोचेपर्यंत विरून जाते, असे होता कामा नये.

या बाबतीत शासनापेक्षाही मोठा अधिकार दोन वर्गांच्या हाती आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेली पहिली मुले २०३०च्या जूनमध्ये पहिलीच्या वर्गात बसतील. तेव्हा हजेरीपत्रकातील नाव गुरुजी किंवा बाई पूर्ण वाचतात की आईचे नाव गाळून जुन्या सवयीने वाचतात, यावर या निर्णयाचे खरे भवितव्य अवलंबून राहील. वर्गात रोज मोठ्याने उच्चारले जाणारे नाव मुलांच्या कानात बसते. कानात बसलेले मनात बसते. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी त्याच मुली दाखल्यासाठी कचेरीच्या खिडकीपाशी उभ्या राहतील. खिडकीच्या आतील माणसाने नियम वाचून काम केले तर त्यांचे नाव टिकेल. रूढी आठवून केले तर पुसले जाईल. शिक्षकाचा उच्चार आणि कारकुनाची लेखणी यांच्या सामर्थ्याची कल्पना अनेकदा त्यांनाच नसते.

महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलींनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पतीचे नाव लावण्यात कमीपणा नाही. ज्यांना ते मनापासून लावावयाचे आहे त्यांनी अवश्य लावावे. मात्र ती निवड असावी. निवड न करता बदललेले नाव हे आपले नाव नसते, ते कोणीतरी आपल्यावर लावलेले लेबल असते. आणि मुलांनीही स्वतःस विचारावे की, आपली सही करताना मधल्या अक्षरापाशी लेखणी क्षणभर थांबते तेव्हा तेथे एकाच माणसाची आठवण का व्हावी?

वडिलांचे नाव खोडून आईचे लिहावे, असे येथे कोणीही सुचवीत नाही. दोन माणसांनी मिळून वाढवलेल्या मुलाच्या नावात दोघांनाही जागा असावी, आणि मुलीच्या नावातील ती जागा लग्नाच्या मांडवात कोणी काढून घेऊ नये, एवढीच ही मागणी आहे. १ मे २०२४ला जन्मलेल्या मुली २०४२ साली अठरा वर्षांच्या होतील. त्यांच्या नावातील आई त्यांच्यापाशी राहणार की नाही, हे ठरवण्यास अद्याप अवकाश आहे. पण तो अवकाश दिसतो तितका मोठा नाही.